खरं नाणं कुणी ठरवायचं? हाली, कलदार आणि मुंबईत पाडलेला चिनी डॉलर

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस जिंतुरात उभा राहून चिनी नाण्यांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण हल्ली माझ्या मोबाइलवर सुविचारांच्या बरोबरीने नाण्यांचे फोटो येतात. चांदीचा मोठा, तळहात भरेल असा गोल तुकडा. त्यावर कधी ड्रॅगन असतो, कधी लष्करी पोशाखातला, टक्कल पडलेला, गुबगुबीत गालांचा एक गृहस्थ असतो. खाली मजकूर: सर, चिनी आहे, शंभर वर्षांपूर्वीचं आहे, फार दुर्मीळ म्हणतात, घ्यावं का?

मी सगळ्यांना एकच उत्तर देतो, की फोटोला वजन नसतं. ते उत्तर लोकांना आवडत नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

तो गुबगुबीत गृहस्थ म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई. फेब्रुवारी 1914 मध्ये चीनमध्ये चलनाचा कायदा झाला आणि त्याखाली त्याच्या चेहऱ्याचा चांदीचा डॉलर निघाला. चिनी लोक त्याला ‘मोठ्या डोक्याचा युआन’ म्हणत. वजन सुमारे 26.7 ग्रॅम, चांदी हजारात सुमारे 890 भाग. हे नाणं कोट्यवधींच्या संख्येने निघालं. तेव्हा कुणी ते ‘जगात मोजकीच आहेत’ असं सांगून विकत असेल, तर नाण्याच्या आधी माणूस पारखा. या डॉलरच्या नकलाही अमाप आहेत, आणि आज बाजारात फिरणाऱ्या बहुतेक नकला अलीकडच्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, आपला आणि चिनी चांदीचा संबंध काय? आहे, आणि तो मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीतून जातो.

हिंदुस्थानात एके काळी कुणीही व्यापारी चांदी घेऊन टांकसाळीत जाई आणि ठरलेली मजुरी देऊन तिचे रुपये पाडून घेई. 1893 मध्ये सरकारने ही मुभा बंद केली. चांदीचा भाव जगभर घसरत होता आणि रुपया तिच्याबरोबर बुडत होता. मुंबईची यंत्रं मोकळी पडली. त्याच सुमाराला हाँगकाँग, सिंगापूर आणि चिनी बंदरांतल्या इंग्रज बँका नाण्यांसाठी हाका मारत होत्या. तिकडचा सगळा व्यापार मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरवर चाले आणि तो डॉलर पुरेसा मिळेना. तेव्हा 1895 मध्ये ठरलं, की पूर्वेच्या व्यापारासाठीचा ब्रिटिश डॉलर मुंबईत पाडायचा. पुढे काही वर्षं कलकत्त्यातही तो पडला, पण मुख्य काम मुंबईचं. 1895 ते 1935, चाळीस वर्षं.

हे नाणं हातात घेतलंत तर गंमत वाटेल. एका बाजूला हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया उभी आहे. दुसऱ्या बाजूला मधोमध दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह, आणि ‘एक डॉलर’ हे चिनी अक्षरांत आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत. त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर भिंगाने पाहिलं तर खोलगट ‘बी’ दिसतो. बी म्हणजे बॉम्बे. कलकत्त्याचा ‘सी’ त्रिशुळावर नसतो, तो खाली ब्रिटानियाचं डावं पाऊल आणि ढालीचा बुंधा यांच्या मधे असतो. 1925 ची आणि 1930 ची काही नाणी लंडनची, त्यांवर अक्षरच नाही. म्हणजे 1930 साल आणि टांकसाळीचं अक्षर नाही, हे ठीक. पण 1908 साल आहे आणि दोन्ही जागा गुळगुळीत आहेत, तर झिजेमुळे अक्षर गेलं का, की ते कधी नव्हतंच, हा प्रश्न विचारावा लागतो.

हे डॉलर बंदरात उतरले की चिनी दुकानदार त्यावर विश्वास ठेवत नसे. राणीचा किंवा राजाचा शिक्का त्याच्या लेखी दूरच्या माणसाचा शब्द. तो नाणं वाजवून, तोलून बघे आणि पटलं तर त्यावर आपल्या पेढीचं एखादं चिनी अक्षर लहानशा छिन्नीने ठोकून ठेवी. पुढच्या पेढीने पुन्हा तपासून आपलं अक्षर ठोकायचं. काही डॉलर असे ठोकून ठोकून बशीसारखे खोलगट झालेले आहेत. या खुणांना इंग्रजीत ‘चॉप’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘छाप’ वरून गेलेला आहे. नाणी पारखणाऱ्या माणसाला तिथल्या इंग्रज बँका ‘श्रॉफ’ म्हणत. श्रॉफ म्हणजे आपला सराफ. हाँगकाँगमध्ये आजही वाहनतळाचे पैसे भरायच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. चांदी मुंबईहून गेली, तिच्याबरोबर छाप गेला आणि सराफही गेला.

इथे मला माझ्या विषयाकडे थोडं वळू द्या. आपल्याकडच्या दर्शनांत भ्रमाचं सर्वांत आवडतं उदाहरण कोणतं? दोरीवरचा साप सगळ्यांना माहीत असतो. दुसरं तितकंच जुनं उदाहरण आहे शिंपल्यावर दिसणाऱ्या चांदीचं. शंकराचार्य ते देतात, मीमांसक देतात, नैयायिक देतात, आणि त्यावरून शतकानुशतकं भांडतात. त्या भांडणात एक साधी गोष्ट सगळ्यांना मान्य आहे. शिंपला चांदीसारखा चमकतो हे खरं, पण वाळूत वाकून तो उचलतो तो चांदी हवी असलेला माणूस. ज्याला चांदी नको तो चमक पाहून पुढे जातो. चिनी डॉलरच्या बाजारात हे रोज घडतं. नकल करणारा धातूवर जेवढी मेहनत घेतो, तेवढीच गिऱ्हाइकाच्या इच्छेवर घेतो.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात एक दृष्टान्त आहे. फळीवर नाण्यांची रास पडली आहे. लहान मूल बघतं, त्याला त्यांचे आकार आणि नक्षी दिसते. खेडूत बघतो, त्याला नक्षी दिसते आणि याने वस्तू विकत मिळतात हेही कळतं. तिसरा सराफ. त्याला खरं, खोटं आणि अर्ध्या कसाचं वेगळं काढता येतं, बघून, आवाज ऐकून, वास घेऊन, चव घेऊन, हातात तोलून. इतकंच नव्हे, हे नाणं कोणत्या गावात, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिराने घडवलं हेही तो सांगतो. बुद्धघोषाला यातून संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतला फरक सांगायचा होता. पण मी म्हणतो, नाणेपारखीच्या पहिल्या धड्यासाठी आजही याहून चांगलं पान मिळणार नाही.

या ग्रंथाचं संपादन कुणी केलं? आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी. आणि त्यांच्या चिरंजीवांनी, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंदांनी, तक्षशिलेच्या आहत नाण्यांपासून सुरुवात करून हजारो जुनी चांदीची नाणी अचूक तराजूवर एकेक करून तोलली. लोक नाण्यावरची चित्रं वाचत होते, हे वजनं वाचत होते. त्यांचं म्हणणं असं, की चलनात असलेलं नाणं हातोहात झिजतं, म्हणून एका निधीतली जुनी नाणी सरासरीने हलकी असतात आणि त्या घटीवरून काळाचा क्रम लावता येतो. नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे असतात, ते व्यापाऱ्यांनी वेळोवेळी तपासून मारलेले, असंही त्यांनी मांडलं. म्हणजे तक्षशिलेचा व्यापारी आणि अडीच हजार वर्षांनंतरचा कँटनचा दुकानदार एकच काम करत होते. वडिलांनी सराफाचा दृष्टान्त छापला आणि मुलाने तराजू हातात घेतला, हा योगायोग मला फार आवडतो.

आता घरी येऊ. आपला परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. इथे दोन रुपये चालत. एक इंग्रजांचा कलदार. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पडलेला म्हणून कलदार. दुसरा निजामाचा हाली. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. त्यापूर्वी या मुलखात इतक्या तऱ्हेचे रुपये होते, की गावोगावच्या पोतदाराशिवाय महसुलाचा भरणा होत नसे. पोतदाराने नाणं नाकारलं किंवा कमी धरलं की वर जे द्यावं लागे तो बट्टा. आपण नावाला बट्टा लागला म्हणतो, तो तिथलाच.

1858 मध्ये हैदराबादच्या नाण्यावरून मोगल बादशहाचं नाव गेलं आणि आसफजाहचं आलं. 1903 मध्ये सैफाबादला नवी यंत्राची टांकसाळ सुरू झाली, आणि महबूब अली खानांच्या त्या काळात चारमिनारचा रुपया निघाला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल. चारमिनारच्या कमानीत बघा. ‘मीम’ हे अक्षर असेल तर महबूब, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान. वर 92 हा आकडा असतो. पुष्कळ जण त्याला साल समजतात. ते साल नाही, अबजद पद्धतीने मुहम्मद या नावाच्या अक्षरांची बेरीज आहे.

साल खाली हिजरीत असतं. मागच्या बाजूला ‘जर्ब हैदराबाद फरखुंदा बुनियाद’ आणि जुलूस साल, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचं वर्ष. इथे एक सोपी परीक्षा आहे. उस्मान अली खान हिजरी 1329 मध्ये गादीवर आले. नाण्यावरच्या हिजरी सालातून 1329 वजा करा. जुलूस साल तितकंच तरी असलं पाहिजे किंवा एकाने जास्त. 1337 चा रुपया असेल तर मागे 8 किंवा 9. मागे 15 असेल तर नाणं बाजूला ठेवा. नकल करणाऱ्याला दोन वेगळ्या नाण्यांचे साचे जोडताना हे गणित सहसा सुचत नाही. चिनी प्रजासत्ताकाच्या डॉलरलाही असंच गणित लागतं. त्यावर इसवी सन नसतो, प्रजासत्ताकाचं वर्ष असतं. त्यात 1911 मिळवायचे. वर्ष तिसरं म्हणजे 1914.

मघाशी मी वजनाचा हेका धरला, त्याचं कारण आता सांगतो. हालीचं वजन सुमारे 11.18 ग्रॅम, चांदी हजारात 818. निव्वळ चांदी झाली साधारण 9.14 ग्रॅम. कलदाराचं वजन 11.66, चांदी हजारात साधारण 917, म्हणजे निव्वळ 10.69. भागाकार करा, 1.17 येतो. आणि व्यवहारात भाव काय होता? सहा कलदाराला सात हाली, म्हणजे शंभराला एकशे साडेसोळाच्या थोडा वर. जुन्या माणसांच्या तोंडी असलेला तो दर पोकळ नव्हता, चांदीतच होता.

घरच्या घरी काय करता येईल ते सांगतो. दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. आधी नाणं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता जो आकडा दिसेल त्याने पहिल्या वजनाला भागा. चांगल्या हालीचं उत्तर 10.2 च्या जवळ येईल, मुंबईच्या डॉलरचं 10.3 च्या जवळ. पितळेवर चांदीचा मुलामा असेल तर साडेआठच्या आसपास, तांबं-निकेलचं असेल तर नऊच्या आत. आर्किमिडीजने सांगितलेली गोष्ट आहे, आणि तिला तेजाब लागत नाही, कसोटीचा दगड लागत नाही, नाण्याला ओरखडा पडत नाही. डॉलरचं वजन 26.95 ग्रॅम असायला हवं. झीज धरून थोडं कमी चालेल, जास्त मात्र नको. सत्तावीसच्या वर गेलेला डॉलर मी पुढे बघतही नाही.

बाकी खुणा डोळ्यांच्या. ठशाच्या नाण्यावर अक्षरांच्या कडा तीक्ष्ण, मधली जागा सपाट आणि घट्ट असते. ओतीव नकलेवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात आणि कडेला फिरून येणारी एक शिवण दिसू शकते, मग ती कानशीने घासून कंगोरे पुन्हा कोरलेले असतात. आवाजाबद्दल मात्र जपून. खणखणीत नाणं ही म्हण ठीक आहे, पण फटीचं खरं नाणं बद्द वाजतं आणि काही खोटी नाणी छान वाजतात. शिवाय आपल्या बंजारा तांड्यांवरच्या दागिन्यांत रुपये ओवत, त्यासाठी कडी डाग देऊन बसवलेली असते. ती काढली तरी वरच्या कडेला डाग राहतो, वजन आणि आवाज दोन्ही बदलतात. ते नाणं खोटं नव्हे. संग्राहक त्याला कमी किंमत देतात. माझ्या मते त्याच्यावर एक जास्तीचा इतिहास आहे, पण बाजार माझं ऐकत नाही.

आता जरा अवघड नाणी घेऊ, जिथे खरं आणि खोटं या शब्दांचीच पंचाईत होते.

हिंदुस्थानचा व्हिक्टोरिया रुपया तिबेटात आणि पुढे पश्चिम चीनमध्ये इतका रुळला, की चिनी अधिकाऱ्यांना त्याचा त्रास होऊ लागला. त्यांनी काय करावं? 1902 च्या सुमारास सिचुआन प्रांतात तशाच मापाचा, तशाच घडणीचा रुपया पाडला, फक्त राणीच्या जागी सम्राट ग्वांगशू बसवला. उघडउघड नकल. पण सरकारने, आपल्या नावाने, चांगल्या चांदीत केलेली. ती खोटी म्हणायची का? मी नाही म्हणणार, कारण ते नाणं आपण कुठून आलो याबद्दल खोटं बोलत नाही.

दुसरं उदाहरण, तोच युआन शिकाई. त्याच्या डॉलरवर तिसरं वर्ष असतं, पण तो ठसा 1914 नंतरही कित्येक वर्षं वापरात राहिला. युआन 1916 मध्ये वारला, डॉलर पडतच राहिले. अगदी 1949 नंतरही तिबेटातल्या खर्चासाठी ते पाडले गेले, कारण तिथल्या लोकांना कागद नको होता, तो चेहरा हवा होता. म्हणजे चांदी खरी, टांकसाळ सरकारी, आणि साल मात्र खरं नाही. नाणं हे एक विधान आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे. खरं तर ती अनेक विधानं असतात, कुणी, कुठे, केव्हा, किती चांदीत. त्यातलं एक चुकलं म्हणून बाकीची आपोआप चुकत नाहीत, आणि एक बरोबर आलं म्हणून बाकीची बरोबरही होत नाहीत. ‘चांदी खरी आहे ना, मग झालं’ असं सराफ म्हणतो ते त्याच्या धंद्यापुरतं बरोबर आहे. संग्राहकाचं काम तिथून सुरू होतं.

तिसरं मुंबईचंच. हौशी लोकांसाठी मुंबईच्या टांकसाळीने जुन्या सालांची नाणी जुन्या ठशांवरून नंतर पुन्हा पाडून दिली. ही प्रथा 1970 च्या सुमाराला थांबली. टांकसाळ तीच, ठसा तोच, धातू नंतरचा. त्यांना पुनर्मुद्रित म्हणून विकलं तर व्यवहार चोख आहे. मूळ म्हणून विकलं तर तेच नाणं खोटं होतं. नाण्यात काडीचाही फरक पडलेला नसतो.

आणि दुर्मीळ म्हणजे काय? 1935 चा मुंबईचा डॉलर दुर्मीळ आहे. तो कमी पाडला म्हणून नव्हे. 1934 मध्ये अमेरिकेने चढ्या भावाने चांदी विकत घ्यायचा कायदा केला, चीनमधली चांदी बाहेर वाहू लागली, आणि नोव्हेंबर 1935 मध्ये चीनने चांदीचं चलन सोडलं. हाँगकाँगही मागोमाग गेलं. मुंबईत पडलेल्या डॉलरांना गिऱ्हाईक उरलं नाही, बहुतेक वितळवले गेले. आपल्याकडचा 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया असाच. राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती आखूड सोंडेमुळे लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. दोन्हीकडे दुर्मीळपणा मुशीत जन्मला.

म्हणूनच मला हालीची काळजी वाटते. चांदीचा भाव चढला की घरोघरचे चारमिनारचे रुपये मोडीत निघतात. मोडीत हालीला भावही कमी मिळतो, कारण टंच कमी, 1942 नंतरचे तर निम्म्याच चांदीचे. म्हणजे आजीने गाठोड्यात ठेवलेले रुपये सगळ्यांत स्वस्तात जातात. उस्मान अली खानांचे बरेचसे रुपये आज मुबलक आहेत, त्यामुळे कुणाला त्यांची पर्वा नाही. दुसरीकडे तेच घर ड्रॅगनच्या मुलाम्याच्या तुकड्याला दहापट पैसे मोजतं.

निदान मोडण्यापूर्वी एवढं करा. नाणं घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, काहीही नको. काळेपणा हे त्याचं वय आहे, ते काढलं की जाणत्याच्या लेखी किंमत उतरते आणि पृष्ठभागाचा पुरावा जातो. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर वजन, साल, जुलूस साल, आणि ते कुणाकडून आलं ते लिहा. आजीचं माहेर कुठलं, तेही लिहा. बोरीचं की चारठाण्याचं, यावरून पुढे कुणाला तरी इथे कोणता पैसा कुठवर चालत होता हे सांगता येईल. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे जाणकार माणसं आहेत. पाया खणताना हंडा सापडला तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वरच्या निधीची खबर कलेक्टरला द्यावी लागते, आपसात वाटून घेता येत नाही. आणि शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, तेव्हा परदेशातल्या मुलाला भेट म्हणून पाठवण्याच्या भानगडीत पडू नका.

कुणी विचारेल, मग चिनी डॉलर घ्यायचा की नाही? घ्या, पण मुंबईचा घ्या. त्यावर दोन-चार चॉप असतील तर उत्तम. चॉपच्याही नकला होतात, तेव्हा वजन आणि पाण्याची परीक्षा सुटत नाही. विकणाऱ्याने पेल्यात बुडवू दिलं नाही तर निघून या.

आता प्रश्न घेऊ. काटा, पेला आणि दोरा इथे टेबलावर आहे. ज्यांनी नाणी आणली आहेत त्यांनी एकेक करून पुढे यावं. आधी हाली घेऊ, ड्रॅगन नंतर.